रात्रभर झोपणारं बाळ आणि कमी होत गेलेलं दूध : एका प्रकरणाचा अभ्यास

मी स्तनपान समुपदेशक म्हणून काम करते. खालचं प्रकरण नाशिकमधल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. बाळ रात्री झोपायला लागलं आणि दूध कमी झालं, ही तक्रार माझ्याकडे नेहमी येते. बहुतेक वेळा एवढ्यातेवढ्या बदलाने ती सुटते. या वेळी मात्र तक्रारीतलं पहिलंच वाक्य तपासून बघावं लागलं.

आई तीस वर्षांची, बँकेत नोकरीला. पहिलंच बाळंतपण, सिझेरियन, मुलगी. जन्माचं वजन २.७५ किलो. बाळंतपण माहेरी झालं आणि दहाव्या आठवड्याची लस होईपर्यंत ती माहेरीच होती. तिथे मुलगी आईच्या शेजारी निजायची आणि कुणकुण केली की अंगावर घेतली जायची. कुणी मोजत नव्हतं, पण दिवसरात्र मिळून दहा-बारा वेळा पाजणं होत असावं. सहाव्या आठवड्याच्या लशीच्या दिवशी माता-बाल संरक्षण कार्डावर वजन लागलं ३.७३ किलो, दहाव्या आठवड्याला ४.५७. मुलगी लहानखुरी होती, पण दिवसाला जवळपास ३० ग्रॅमने वाढत होती. काळजीचं काहीच नव्हतं.

त्यानंतर ती सासरी आली. चौदाव्या आठवड्याच्या लशीला वजन भरलं ४.९१ किलो. म्हणजे चार आठवड्यांत ३४० ग्रॅम, दिवसाला १२. या वयात वाढीचा वेग थोडा मंदावतोच, पण इतका नाही. बालरोगतज्ज्ञांनी लघवीची तपासणी करून घेतली, ती स्वच्छ आली. आईचं थायरॉइड तपासलं, तेही ठीक होतं. मग त्यांनी तिला माझ्याकडे पाठवलं.

ती आली तेव्हा सोबत सासूबाई होत्या आणि पिशवीत पावडरच्या दुधाचा डबा होता. तिचं पहिलं वाक्य असं : "मॅडम, बाळ शहाणं आहे, रात्री दहा ते सकाळी सात एका झोपेत काढतं. पण दूध आटलंय माझं."

मी चार आठवड्यांची हकिकत विचारून घेतली. सासरी आल्यावर पहिले सात-आठ दिवस ती पहाटे भिजलेल्या गाऊनमध्ये जागी व्हायची, छाती दगडासारखी झालेली असायची. एकदा डाव्या बाजूला गाठही आली होती, दोन दिवसांत विरली. त्यानंतर छाती मऊ पडली, गळणं थांबलं. घरात सगळ्यांना वाटलं, बरं झालं, आता बसलं. पण तेराव्या आठवड्यापासून संध्याकाळी मुलगी छातीशी रडायला लागली. ओढायची, सोडायची, पाठ ताठ करायची. मग पावडरचं दूध आलं, संध्याकाळी ६० मिली आणि रात्री निजताना ६०. ते प्यायली की गाढ झोपायची. त्यामुळे डबा आणला ते योग्यच केलं, हाच निष्कर्ष निघाला.

छाती मऊ पडणं ही स्वतः काही वाईट खूण नव्हे. सहा ते बारा आठवड्यांच्या दरम्यान जवळजवळ प्रत्येकीची छाती मऊ पडते, कारण सुरुवातीची सूज आणि जादा दूध ओसरून शरीर बाळाच्या मागणीला जुळतं. या एका खुणेवरून "दूध गेलं" म्हणून घाबरणाऱ्या आणि विनाकारण वरचं दूध सुरू करणाऱ्या आया मी सतत बघते. फरक कळतो तो वजनाच्या नोंदीवरून आणि ओल्या लंगोटांवरून. इथे वजन थांबत आलं होतं आणि चोवीस तासांत ओले डायपर जेमतेम पाच होत होते. किमान सहा हवेत. म्हणजे तिची भीती खरी होती.

आई मुलीला अंगावर कशी घेते ते मी पाहिलं. पकड चांगली, जीभ मोकळी, गिळण्याचा आवाज स्पष्ट. मग किती वेळा पाजते ते विचारलं. सात, दहा, एक, चार, सात आणि साडेनऊ. मोबाइलवरच्या एका अॅपने तीन तासांचं वेळापत्रक दिलं होतं आणि ती ते निष्ठेने पाळत होती. चोवीस तासांत सहा वेळा. रात्रीची सुट्टी साडेनऊ तासांची.

काटा काय बोलला

मी त्यांना एका दिवसासाठी बाळाचा डिजिटल वजनकाटा घरी दिला. पाजण्याआधी आणि पाजल्यानंतर, कपडे-डायपर न बदलता, वजन करायचं. जो फरक येईल तेवढं दूध पोटात गेलं. हे मी प्रत्येकीला सांगत नाही, कारण आकड्यांच्या नादाने आई आणखी धास्तावते. पण इथे रात्रीच्या लांब खंडात छाती काय करते ते मला बघायचं होतं.

सकाळी सातचं पाजणं दोन्ही बाजू मिळून १३० ग्रॅम भरलं. पुढची पाच ७५, ७०, ८५, ६० आणि ६०. एकूण ४८०. सकाळी मुलीने सोडल्यावर हाताने काढून पाहिलं तर आणखी १५ मिली निघालं.

पश्चिम ऑस्ट्रेलियात ७१ माय-लेकरांच्या जोड्यांवर झालेला एक अभ्यास २००६ साली प्रसिद्ध झाला. एक ते सहा महिन्यांची, फक्त आईच्या दुधावरची बाळं. ती दिवसाला सरासरी ७८८ ग्रॅम दूध पीत होती आणि सरासरी ११ वेळा छातीशी येत होती. म्हणजे साधारण तासाला ३३ ग्रॅम. त्या वेगाने साडेनऊ तासांत ३०० च्या आसपास जमायला हवं. या आईकडे १४५ जमलं होतं. मध्यरात्रीनंतर कधीतरी छाती भरली आणि बनणं जवळपास थांबलं.

दूध छातीत साठून राहिलं की ते बनवणाऱ्या पेशींना हळू व्हायचा निरोप मिळतो, आणि निघालं की वेग घ्यायचा. पहिल्या काही दिवसांत हा कारभार मुख्यतः संप्रेरकांच्या हाती असतो. नंतर तो छातीतूनच, प्रत्येक बाजूचा वेगळा, चालतो. म्हणून एका बाजूने दूध कमी आणि दुसऱ्या बाजूने भरपूर असंही होतं. रोज पाच-सहा तास छाती तुडुंब राहिली तर आठवड्या-दोन आठवड्यांत दिवसाचंही दूध त्या मापाला येतं. त्या सात-आठ पहाटे जी छाती दगड झाली होती, तेव्हा हा निरोप जात होता. गळणं थांबलं तेव्हा तो पोहोचला होता.

मग शेजारणीचं बाळ दोन महिन्यांपासून रात्रभर झोपतं आणि तरी गुटगुटीत आहे, ते कसं? सासूबाईंनी हाच प्रश्न केला आणि तो रास्त होता. प्रत्येकीच्या छातीत एका वेळी साठू शकणारं दूध वेगवेगळं असतं. काहींच्या एका बाजूत शंभर मिलीसुद्धा मावत नाही, काहींच्या तीनशेहून अधिक. बाहेरून दिसणाऱ्या आकाराचा याच्याशी फारसा संबंध नसतो, कारण आकार बराचसा चरबीचा असतो. कुणाकडे घागर असते, कुणाकडे तांब्या. दिवसाचं पाणी दोघींचं भरतं, तांब्यावालीला फेऱ्या जास्त घालाव्या लागतात. जिच्याकडे घागर आहे ती नऊ तास थांबू शकते. या आईला ते परवडत नव्हतं, आणि यात तिच्यात काही उणं नव्हतं. माहेरी दहा-बारा फेऱ्यांत हीच छाती मुलीला दिवसाला ३० ग्रॅमने वाढवत होती.

झोळीची गोष्ट

एवढं कळल्यावर उपाय ठरवता आला असता. पण मला एक गोष्ट खटकत होती. वजन न वाढणारं, भुकेलं बाळ नऊ तास हूं की चूं न करता का झोपतं? माहेरी रात्री दोन-तीनदा उठणारी मुलगी घर बदलताच एकदम शहाणी कशी झाली?

मी आईला विचारणं थांबवलं आणि सासूबाईंकडे वळले. "काकू, रात्री बाळ कोणाजवळ निजतं?"

"माझ्याजवळ. माझ्या खोलीत झोळी बांधलीय. हिचं ऑपरेशन झालेलं, तिला झोप मिळू दे म्हटलं. पुढं नोकरी सुरू झाली की कुठली झोप?"

"आणि रात्री अजिबात हलत नाही?"

"हलते की. दोनला, मग चारला. चुळबुळ करते, तोंड इकडे-तिकडे फिरवते, मुठी चोखते. चार झोके दिले की पुन्हा झोपते बिचारी."

आईने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. तिला हे ठाऊकच नव्हतं. भिंतीपलीकडे मुलगी दोनदा दूध मागत होती आणि दोनदा झोक्यावर निजवली जात होती. तोंड फिरवणं, मुठी चोखणं ही भुकेची पहिली हाक. रडणं खूप उशिरा येतं. आई शेजारी असती तर ती या चुळबुळीनेच जागी झाली असती. झोळीचा लयदार झोका इतका परिणामकारक असतो की लहान बाळ भूक तशीच ठेवून पुन्हा झोपेत जातं, आणि निजतानाचे ६० मिली पावडरचं दूध त्याला मदत करत होतं.

या बाईंबद्दल मला अपार आदर वाटला, आणि तो मी तिथेच बोलून दाखवला. स्वतःची झोप मोडून, सुनेला आराम मिळावा म्हणून रात्री दोनदा उठणारी सासू सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. घरातली अशी माया दोषाच्या पिंजऱ्यात उभी केली की उपाय फसतो. सून घरी जाऊन गप्प बसते, सासू दुखावते, आणि बाळाचं वजन तिथेच राहतं. म्हणून मी काकूंना एवढंच म्हटलं, "तुमचं उठणं तसंच ठेवा. फक्त झोक्याऐवजी तिला उचलून आईच्या कुशीत द्या, आणि पिऊन झाल्यावर ढेकर काढून पुन्हा निजवा. आईला फक्त पाजायचं काम राहील." त्या लगेच म्हणाल्या, "एवढंच ना? मग अळीवाची खीर आणि शतावरी उगीच चारत होते का मी तिला?"

उगीच नाही. अळिवात लोह आहे, डिंकाच्या आणि मेथीच्या लाडवांत ताकद आहे, बाळंतिणीला या सगळ्याची गरज असते. पण दूध निघालंच नाही तर खिरीने ते वाढत नाही. शतावरी आणि मेथीवर झालेले अभ्यास लहान आहेत आणि त्यांचे निकाल सारखे नाहीत. शिवाय मेथी औषधासारखी मोठ्या प्रमाणात घेतली तर रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून मधुमेहाच्या गोळ्या चालू असणारीने ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. खीर चालू ठेवा, म्हटलं, आवडते म्हणून.

झोळीबद्दलही बोलले. खोल झोळीत बाळाची मान छातीवर मुडपते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो, त्यामुळे रात्रभराच्या झोपेसाठी ती बरी नाही. मुलगी आईच्या खोलीत आली, पलंगाला लागून पण स्वतःच्या सपाट, टणक अंथरुणावर, उताणी.

काय केलं

रात्रीची दोनची हाक ऐकायला लागल्यावर एक फेरी आपोआप वाढली. चारचीही कधीकधी. रात्रीच्या पाजण्याला माझ्या लेखी वेगळी किंमत आहे. दूध बनवायला सांगणारं प्रोलॅक्टिन रात्री आणि पहाटे जास्त असतं, आणि वर सांगितलेल्या अभ्यासात ज्यांचं सगळं काही उत्तम चाललं होतं त्या बाळांपैकीही ६४ टक्के रात्री पीत होती आणि दिवसभराच्या दुधातला पाचवा हिस्सा रात्रीत घेत होती. तीन महिन्यांचं बाळ रात्री उठतं, ती बिघाडाची खूण नव्हे.

खरा भर मात्र दिवसावर दिला. अॅप मोबाइलमधून काढायला लावलं. जागी झाली की पाजायचं, झोपायच्या आधी पाजायचं, संध्याकाळी पाच ते नऊमध्ये तर हवं तेवढ्या वेळा. एका बाजूला पेंगुळली की छाती हळूच दाबून धरायची, तरी गिळेना तर बाजू बदलायची. साडेतीन महिन्यांच्या बाळाला पंखा, पडदा, आजोबांचा आवाज, सगळ्यात रस असतो आणि ते प्यायचं विसरतं. म्हणून दुपारची दोन पाजणी अंधाऱ्या खोलीत, दार लावून. रात्री साडेदहाला आई स्वतः झोपायच्या आधी मुलीला न उठवता अंगावर घ्यायची. बहुतेक बाळं झोपेतच चांगलं पितात आणि ही मुलगीही प्यायची. एवढ्याने सहाच्या नऊ-दहा फेऱ्या झाल्या.

पावडरचं दूध मी पहिल्या दिवशी बंद करू दिलं नाही. वजन अडलेल्या बाळाचं खाणं आधी कमी करायचं आणि मग दूध वाढायची वाट बघायची, हा क्रम चुकीचा आहे. सकाळच्या पाजण्यानंतर हातपंपाने जे निघेल ते वाटीत जमवायचं आणि संध्याकाळी पावडरऐवजी ते द्यायचं. जेवढं आपलं वाढेल तेवढी पावडर कमी. पहिले दोन दिवस १५-२० मिलीच निघालं आणि तिला रडू आलं. पंपाला येणारं दूध हे छातीतल्या दुधाचं माप नव्हे, हे तिला काट्यावर पुन्हा दाखवावं लागलं. बाळ पंपापेक्षा खूप चांगलं काढतं.

रात्री तीनचा गजर लावून पंप करण्याचाही प्रयोग तिने स्वतःहून केला. तीन रात्रींत ती इतकी थकली की दिवसा मुलीला घेताना हात जड होत होते. मी तो थांबवायला सांगितला. उठलेल्या बाळाला आडव्यानेच पाजणं आणि झोपलेलं बाळ ठेवून उठून, दिवा लावून, पंप धुऊन बसणं यांत फार अंतर आहे. दिवसाच्या फेऱ्या भक्कम असतील तर तो गजर बहुतेकींना लागत नाही.

गर्भनिरोधनाचा विषय मी मुद्दाम काढला. "अंगावर पाजते आहे, पाळी आलेली नाही, म्हणजे सध्या काळजी नाही," असं ती धरून होती. १९८८ मध्ये इटलीतल्या बेलाजिओ इथे तज्ज्ञांनी या पद्धतीच्या अटी ठरवल्या. पाळी आलेली नसावी, बाळ सहा महिन्यांच्या आतलं असावं आणि संपूर्ण किंवा जवळपास संपूर्ण अंगावर असावं. हे सगळं जुळलं तर ९८ टक्के संरक्षण मिळतं. पण पाजण्यांत दिवसा चार आणि रात्री सहा तासांपेक्षा मोठा खंड पडू देऊ नये असं त्यासोबत सांगितलं जातं, आणि इथे साडेनऊ तासांचा खंड होता. मैत्रिणीने सुचवलेली गोळी ती सुरू करणार होती. त्या गोळीत इस्ट्रोजेन होतं आणि इस्ट्रोजेनने दूध घटू शकतं. स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोलून तिने तांबी बसवून घेतली. सर्दीच्या गोळ्यांबद्दलही सावध केलं, कारण नाक मोकळं करणाऱ्या स्यूडोएफेड्रिनने दूध उतरतं आणि ते पुष्कळ गोळ्यांत मिसळलेलं असतं.

पुढचे आठवडे

पहिल्या आठवड्यात वजन १४० ग्रॅमने वाढलं. ओले डायपर तिसऱ्याच दिवशी सातवर गेले होते. तिसऱ्या आठवड्याअखेरीस पावडरचा डबा बंद झाला, आणि अठराव्या आठवड्याला वजन होतं ५.६१ किलो, म्हणजे चार आठवड्यांत ७०० ग्रॅम. त्या सुमारास पुन्हा एक दिवस काटा घरी दिला. दहा पाजणी, ७३० ग्रॅम.

विसाव्या आठवड्याच्या आसपास मुलगी खरोखरच झोपायला लागली. साडेदहाचं झोपेतलं दूध पिऊन पहाटे पाच-साडेपाचपर्यंत. आई शेजारीच होती, तिने कान देऊन पाहिलं. चुळबुळ नाही, मुठी चोखणं नाही. १९५७ साली लंडनच्या मूर आणि उको यांनी रात्रभर झोपण्याची व्याख्या मध्यरात्र ते पहाटे पाच अशी केली होती. त्या मापाने ही रात्रभराची झोप झाली, आणि एवढ्या खंडाने या आईच्या दुधाचं काही बिघडलं नाही, कारण दिवसाच्या आठ-नऊ फेऱ्या टिकून होत्या. पहिले काही दिवस पहाटे छाती भरून आली की ती मऊ होण्यापुरतं दूध हाताने काढायची, थंड फडकं ठेवायची. जोराने चोळायचं नाही, हे तिला आधीच सांगितलं होतं. चोळण्याने सूज वाढते.

ज्या आईचं बाळ असं मनापासून झोपतं, वजन रेषेवर आहे आणि डायपर ओले होताहेत, तिने कुणाच्याही सांगण्यावरून गजर लावू नये. झोप तिच्या हक्काची आहे. बाळाने जन्माचं वजन अजून गाठलेलं नाही, कावीळ आहे किंवा ते दिवस भरण्याआधी जन्मलं आहे, तर गोष्ट वेगळी. तिथे दोन-तीन तासांनी उठवून पाजावंच लागतं.

बाळंतपणाच्या रजेचे २६ आठवडे मिळाले होते, पण त्यातले चार प्रसूतीच्या आधी गेले. त्यामुळे मुलगी पाच महिन्यांची असताना ती बँकेत रुजू झाली. घरून निघताना नऊला पाजायची, बँकेत दुपारी एक आणि चारला पंप, घरी आल्या आल्या पुन्हा अंगावर. काढलेलं दूध बर्फाच्या पिशवीसह डब्यात. साधारण २५ अंशांपर्यंतच्या तापमानात ते चार तास टिकतं, फ्रिजमध्ये चार दिवस. नाशिकच्या उन्हाळ्यात मात्र बाहेर ठेवायचंच नाही, असं ठरवलं. शाखेत जागा नव्हती, म्हणून जुन्या फायलींच्या खोलीला आतून कडी लावून घेतली. त्यासाठी तिला शाखेत दोनदा बोलावं लागलं, आणि ती बोलली.

नोकरी सुरू झाल्यावर आठवड्याभरात मुलगी पुन्हा रात्री उठू लागली. दिवसा आजीकडे वाटी-चमच्याने जेमतेम पोटापुरतं प्यायची आणि रात्री आईकडून भरून काढायची. नोकरदार आयांच्या बाळांत हे नेहमी दिसतं. तिला मी ते आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे ती घाबरली नाही. दोनला कुणकुण झाली की आडव्यानेच अंगावर घ्यायची. काकूंची रात्र आता मोकळी झाली होती, त्या दिवसाची बाजू सांभाळत होत्या.

सहा महिन्यांना वजन ६.५५ किलो भरलं. नाचणीचं सत्त्व आणि मऊ वरणभात सुरू केला आहे, अंगावरचं दूध चालूच आहे. पुढची भेट नवव्या महिन्याच्या गोवर-रुबेलाच्या लशीच्या वेळी ठरली आहे.